दानाची पुस्तके, किनाऱ्याचे साहित्य आणि प्राथमिक शाळेतील चित्रकला

प्राथमिक शाळेच्या वेळापत्रकात चित्रकलेच्या तासिका थोड्या असतात आणि त्यांच्यासाठी मिळणारे साहित्य त्याहूनही थोडे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. परंतु ती इयत्ता सहावी ते आठवीसाठी आणि पट शंभराहून अधिक असेल तेव्हाच लागू होते. पहिली ते पाचवीच्या वर्गांत भाषा व गणित शिकविणारे शिक्षकच बहुधा चित्रकलाही शिकवितात. अशा शाळेस कोणी पुस्तकांचा गठ्ठा, रंगांच्या पेट्या किंवा कागदांची रिमे देऊ केली, तर ती मदत मोलाची ठरते. तथापि दान शाळेत आले म्हणजे ते मुलाच्या हाती पडले असे होत नाही. आणि हाती पडले म्हणजे त्याने मुलाची दृष्टी वाढविली, असेही होत नाही. दानाची व कलेच्या तासाची सांगड कशी घालावी, याचे विवेचन येथे मुंबईतील वरळी कोळीवाड्याचे उदाहरण घेऊन केले आहे. मुंबईत जिल्हा परिषद नाही, तेथील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिका चालविते. तरीही समुद्रकाठच्या कोणत्याही शाळेस हे उदाहरण उपयोगी पडण्याजोगे आहे.

परिसर व मुलाची दृष्टी

वरळी कोळीवाडा एका चिंचोळ्या भूशिरावर वसला आहे. एका अंगास अरबी समुद्र, दुसऱ्या अंगास माहीमचा उपसागर, टोकाशी इंग्रजांनी सतराव्या शतकात बांधलेला किल्ला आणि वस्तीत गोल्फादेवीचे देऊळ, असे हे स्थान आहे. येथील मूल रंगविलेल्या नाळेची होडी, जाळ्याची वीण, बोयांच्या माळा आणि टोपलीतल्या मासळीची चंदेरी झाक रोज पाहते. पापलेटाचा आकार व बोंबलाचा आकार यांतील भेद त्यास कोणी शिकवावा लागत नाही.

असे असूनही ‘देखावा काढा’ म्हटले की पुष्कळ मुलांच्या कागदावर एकच चित्र उमटते: दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, खाली वळणाची नदी, एक झोपडी आणि तिच्यालगत नारळाचे झाड. हा देखावा कोकणापासून विदर्भापर्यंत सर्वत्र सारखाच आढळतो. मुलाने तो पाहिलेला नसतो. थोरल्या भावंडाच्या वहीतून किंवा विकतच्या चित्रपुस्तिकेतून उचललेला असतो. आपण रोज पाहतो ते चित्रात येण्याच्या योग्यतेचे नाही, अशी समजूत त्यातून नकळत रुजते. चित्रकलेच्या शिक्षणातील खरी हानी हीच होय. दानात आलेल्या वस्तूंची पारखही याच कसोटीवर करावी. जी वस्तू मुलास स्वतःच्या डोळ्यांनी पाहावयास लावते, ती तासाला समृद्ध करते. जी केवळ नक्कल करावयास लावते, ती महाग असली तरी उपयोगाची नव्हे.

या शहराचा जुना अनुभवही हेच सांगतो. सर जमशेटजी जीजीभाई यांनी कलाशाळेसाठी एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये त्यांच्या नावाच्या शाळेचे वर्ग सुरू झाले. पश्चिम भारतातील कलाशिक्षणाचा पाया अशा रीतीने दानावरच घातला गेला. परंतु तेथील आरंभीच्या शिक्षणात ग्रीक व रोमन शिल्पांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करण्यावर फार भर होता. हात तयार झाले. डोळे मात्र दूरच्या देशातील आकारांवर खिळून राहिले. उत्तम साधनसुद्धा परिसरापासून तुटले तर एकांगी ठरते, हा धडा प्राथमिक शाळेनेही घेण्यासारखा आहे.

पुस्तकांचा उपयोग

चित्रकलेच्या तासास कोणती पुस्तके उपयोगी पडतात? आखीव बाह्यरेषांत रंग भरावयाच्या पुस्तिका सर्वाधिक दान केल्या जातात. त्यांचा उपयोग सर्वांत कमी. त्यांपेक्षा चांगली चित्रे असलेली गोष्टींची पुस्तके, पक्षी, मासे व वनस्पती यांची सचित्र पुस्तके आणि थोर चित्रकारांच्या चित्रांचे संग्रह अधिक फलदायी असतात. माधुरी पुरंदरे यांनी संपादित केलेल्या ‘वाचू आनंदे’ या पुस्तकमालेत मराठी साहित्यातील वेचे आणि भारतीय चित्रे शेजारी शेजारी मांडली आहेत. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातील सचित्र पुस्तकेही अल्प किमतीत मिळतात. दात्याने ‘काय देऊ?’ असे विचारल्यास अशी नावे सुचविणे हे शिक्षकाचे काम होय.

पुस्तक वर्गात आणल्यावर प्रथम ते वाचून दाखवू नये. प्रथम चित्र पाहू द्यावे. चित्रात कोण आहे, उजेड कोठून येतो, जवळची वस्तू मोठी व दूरची लहान का दिसते, हा निळा आणि तो निळा एकच आहे काय, असे प्रश्न विचारावेत. नंतर पुस्तक मिटून मुलांना खिडकीपाशी किंवा किनाऱ्यावर न्यावे. भरतीच्या वेळचे पाणी, ओहोटीनंतरचा चिखल आणि पावसाळी आभाळ यांत किती निळे, किती करडे सापडतात, ते मुलांनी मोजावे. चित्रातील समुद्र व समोरचा समुद्र यांची तुलना झाली की पुस्तकाचे काम झाले. त्यातील चित्र फळ्यावर काढून उतरवून घेण्यास सांगितले, तर पुन्हा त्या त्रिकोणी डोंगरांचाच मार्ग धरला असे होईल.

येथे एका घोटाळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे. वारली चित्रकलेची पुस्तके शाळांना पुष्कळ मिळतात आणि नामसादृश्यामुळे ती कला वरळीची, असे मुलांना वाटू शकते. वारली चित्रे ही डहाणू, तलासरी, जव्हार या भागांतील वारली समाजाची परंपरा आहे; जिव्या सोमा मशे यांनी ती जगापुढे नेली. वरळी हे मुंबईतील स्थळ आहे. वारली चित्रकार आपले शेत, आपले लग्न आणि आपला तारपा नाच रंगवितो. त्याचप्रमाणे कोळ्याच्या मुलाने आपली होडी व आपला बाजार रंगवावा, हा बोध त्या पुस्तकांतून द्यावा.

साहित्य: विकतचे व घरचे

रंग आणि कागद यांवाचून तास चालत नाही. त्यांत प्रथम गरज कागदाची आहे. मूल मोठ्या कागदावर हात मोकळा करून रेघ ओढते. वहीच्या चतकोर पानावर ते आखडते. छापखान्यांतील उरलेल्या पट्ट्या, कचेऱ्यांतील एका बाजूस कोरे असलेले कागद आणि जुन्या दिनदर्शिकांच्या कोऱ्या पाठी मागितल्यास सहज मिळतात. रंगांच्या बाबतीत प्रत्येकास बारा कांड्यांची पेटी देण्यापेक्षा गटागटांत तांबडा, पिवळा, निळा, पांढरा व काळा हे रंग द्यावेत आणि उरलेले रंग मिश्रणातून करावयास लावावे. मातीकामासाठी लालबाग-परळ भागात गणपतीच्या मूर्ती घडविणाऱ्या कारखान्यांकडून थोडी शाडू माती मागावी. शाडू वाळली तरी भिजवून पुन्हा मळता येते. त्यामुळे एकदा मिळालेले घमेलेभर दान न भाजता वापरल्यास दीर्घकाळ पुरते.

दान केवळ बाहेरूनच यावयास हवे असे नाही. कोळीवाड्याच्या घराघरांत जे निरुपयोगी म्हणून पडलेले असते, ते कलेच्या तासास मौल्यवान असते. फाटक्या जाळ्याचा तुकडा कागदाखाली ठेवून वरून खडू घासला की वीण उमटते. जुना बोया गोल व लंबगोल आकारांच्या अभ्यासास उपयोगी पडतो. शंख व शिंपले यांच्या वळणांचे रेखाटन करता येते. होडी रंगवून उरलेल्या रंगांचे नमुने फळकुटांवर लावून ठेवल्यास रंगसंगती दाखविता येते; मात्र हे तैलरंग लहान मुलांच्या हाती देऊ नयेत. पावसाळ्यात मासेमारी थांबलेली असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि जाळ्यांची डागडुजी चालते. शाळेचे वर्ष याच सुमारास, जूनमध्ये, सुरू होते. होडीचे संपूर्ण अंग जवळून पाहून रेखाटण्यास यासारखा काळ नाही. जाळे विणणाऱ्या एखाद्या आजोबांना किंवा आजींना तासभर वर्गात बोलाविले, तर गाठ कशी बसते आणि आस लहान-मोठा का ठेवतात, हे मुले पाहतात. ज्ञानाचे असे दान कोणत्याही पेटीत मावत नाही.

जपानमधील कोळ्यांची एक रीत येथे सहज करून पाहता येईल. तेथे एकोणिसाव्या शतकात पकडलेल्या माशाचा ठसा कागदावर घेऊन त्याच्या आकाराची नोंद ठेवीत. या पद्धतीस ‘ग्योताकू’ म्हणतात. चपट्या अंगाचा, ठळक खवल्यांचा मासा धुऊन कोरडा करावा, त्यावर पाण्यात मिसळणारा रंग पातळ लावावा, वर पातळ कागद ठेवून बोटांनी हलके दाबावे आणि कागद एका कडेने उचलावा. खवले, पर व शेपटी यांची नक्षी उमटते. डोळा मागाहून कुंचल्याने काढतात. रंग लावलेला मासा मात्र खाण्यात आणू नये.

परिसरातील वस्तूंवर शिक्षण उभारण्याचा हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहार सुरू केला. पुढे १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम आरंभिले, तेव्हा माँटेसरी पद्धतीची महाग साधने खेड्यास परवडणारी नव्हती. ताराबाई व अनुताई वाघ यांनी शंख, शिंपले, बिया, काड्या व खडे यांतून साधने तयार केली. सेवाग्राम येथे देवी प्रसाद यांनी १९४४ पासून १९६२ पर्यंत नयी तालीमच्या मुलांना कला शिकविली आणि कला हा शिक्षणाचा आधार आहे, अशी ग्रंथरूपाने मांडणी केली. या दोन्ही ठिकाणी साधनांची विपुलता नव्हती. साधनांचा मुलाच्या जीवनाशी संबंध होता.

दानाची नोंद व निगा

पुष्कळ शाळांत दानाचे साहित्य कपाटात बंद राहते. त्यामागे निष्काळजीपणापेक्षा भीती अधिक असते. वस्तू जडसंग्रह नोंदवहीत चढली की ती फाटल्यास वा संपल्यास उत्तर द्यावे लागेल, असे वाटते. म्हणून नोंद करतानाच दोन भाग करावेत. कुंचले, फळ्या, कात्र्या इत्यादी टिकाऊ वस्तू एका नोंदीत आणि पुस्तके ग्रंथालयाच्या नोंदवहीत घ्यावीत. कागद, रंग, खडू व माती ही वापरून संपणारी म्हणून वेगळी लिहावीत आणि महिन्यागणिक खर्च दाखवावा. रंग संपला हे त्या रंगाचे सार्थक होय. पेटी वर्षानुवर्षे भरलेली राहिली आणि रंग वाळून गेले, तर तोच खरा अपव्यय होय.

समुद्रकाठी हवा दमट व खारी असल्यामुळे पुस्तकांस बुरशी व बांधणीच्या तारांस गंज लवकर चढतो. पुस्तके भिंतीस चिकटवून ठेवू नयेत; पावसाळा सरताच सावलीत वारा लागेल अशी मांडावीत; गंजलेल्या तारा काढून दोऱ्याने टाके घालावेत. हे काम वरच्या वर्गातील मुले आनंदाने करतात आणि स्वतः शिवलेले पुस्तक जपतात.

दात्याशीही स्पष्ट बोलावे. अर्ध्या भरलेल्या वह्या, वाळलेले रंग व जुनी मार्गदर्शके नम्रपणे नाकारण्यात गैर काही नाही. शाळेने वर्षारंभी गरजेच्या वस्तूंची छोटी यादी दर्शनी फलकावर लावली, तर तीच मदत योग्य मार्गाने येते. दान स्वीकारताना मुलांना रांगेत उभे करून याचकासारखे वागविण्याचेही कारण नाही. त्या साहित्यातून झालेली चित्रे पाहावयास दात्यास बोलावणे हाच उत्तम आभार होय.

शाळेचे परतदान

चित्रांचा साठा झाला की त्यांतून वर्गाचे एक चित्रपुस्तक बांधावे. त्यात वाडीतील होड्या, मासळी, सण, बाजार आणि त्यांची कोळी बोलीतील नावे असावीत. या पुस्तकाचे महत्त्व वरळीसारख्या ठिकाणी विशेष आहे, कारण तेथील किनारा एका पिढीच्या आत बदलला. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू वाहतुकीस खुला झाला आणि २०२४ पासून किनारी मार्ग टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला. या मार्गाच्या पुलाखालून होड्या नेण्यास दोन खांबांमधील ६० मीटर अंतर अपुरे आहे, असे वरळीच्या मच्छीमारांचे म्हणणे होते. ते १२० मीटर करण्याचा निर्णय २०२२ च्या अखेरीस झाला. ज्या वाटेसाठी वडीलधाऱ्यांना इतके झगडावे लागले, ती वाट, ती होडी आणि तो किनारा मुलाने स्वतः पाहून रेखाटला, तर ते चित्र वाडीचा दस्तऐवज ठरते. आजच्या मुलाची होडी उद्याच्या मुलास पुस्तकातच पाहावी लागेल की काय, हे सांगता येत नाही; ती काढून ठेवण्याचे काम मात्र शाळेस आजच करता येते.

अशा चित्रपुस्तकाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी आणि एक दूरच्या, समुद्र न पाहिलेल्या एखाद्या शाळेस भेट द्यावी. त्या शाळेने आपल्या शेताचे, डोंगराचे वा गिरणगावाचे पुस्तक उलट पाठवावे. म्हणजे जी शाळा दान घेत होती, तीच दान देणारी होईल. आणि चित्रकलेच्या तासात त्रिकोणी डोंगरांच्या जागी मुलांचे स्वतःचे गाव दिसू लागेल.