काडेपेटीतून फलनाकडे

‘२क्ष + ३ = ११, तर क्ष किती?’ हे उदाहरण विद्यार्थी सहज सोडवतात. उत्तर ४ येते आणि क्षचे काम संपते. अशी पुष्कळ उदाहरणे केल्यावर अक्षर म्हणजे दडलेली एक संख्या, ही समजूत पक्की होते. पुढे ‘य = २क्ष + ३’ समोर आले, की मुले विचारतात, “पण क्ष किती, ते कुठे दिलंय?” इथे क्ष बदलत राहणारी राशी आहे आणि तिच्याबरोबर य ठरावीक नियमाने बदलते. या नात्याला गणितात फलन म्हणतात. त्याची रीतसर व्याख्या उशिरा भेटते, पण कल्पनेची पेरणी सहावी-सातवीतच करता येते. त्यासाठी एक काडेपेटी पुरते.

चार काड्यांचा एक चौरस मांडा. त्याला लागून दुसरा मांडताना एक बाजू सामाईक असते, म्हणून आणखी तीनच काड्या लागतात. १, २, ३, ४ चौरसांना ४, ७, १०, १३ काड्या. तक्ता मुलांनीच भरावा. दहा चौरसांना ३१ काड्या लागतात, इथवर कोणी अडत नाही. आता विचारा, ‘वीस चौरसांना?’ बरीच मुले ६२ म्हणतील. चौरस दुप्पट, तर काड्याही दुप्पट! समप्रमाण नुकतेच शिकल्यामुळे प्रत्येक नाते त्यांना समप्रमाणाचे वाटते. उत्तर चूक आहे असे सांगण्याची घाई करू नका. दहा-दहाच्या दोन पट्ट्या जोडायला सांगा. जोडावर दोन काड्या एकावर एक येतात आणि एक काढून टाकावी लागते. म्हणजे ६१.

आता ‘न’ चौरसांचा नियम मुलांना शब्दांत सांगू द्या. कोणी म्हणेल, पहिल्याला चार, पुढच्या प्रत्येकाला तीन : ४ + ३(न – १). कोणी आडव्या आणि उभ्या काड्या वेगळ्या मोजेल : २न + (न + १). कोणी सुरुवातीची एक काडी बाजूला ठेवेल : १ + ३न. मांडणी वेगळी, फलन एकच. बैजिक राशींना सरळ रूप देण्याची गरज कशासाठी, ते इथे आपोआप कळते. आलेख काढला, तर बिंदू एका सरळ रेषेत येतात. पण ते जोडायचे का? अडीच चौरस नसतात, म्हणून नाही. या प्रश्नावर वर्गात चर्चा जरूर व्हावी.

दुसरा प्रयोग २४ काड्यांचा. सगळ्या काड्या वापरून वेगवेगळे आयत करा. आडवी बाजू १, २, ३, ४, ५, ६ घेतली, तर क्षेत्रफळ ११, २०, २७, ३२, ३५, ३६ येते. पुढे ते पुन्हा कमी होते. परिमिती तीच, क्षेत्रफळे मात्र अनेक! म्हणून आयताचे क्षेत्रफळ हे परिमितीचे फलन नाही. मात्र परिमिती २४ ठरवून टाकली, की क्षेत्रफळ आडव्या बाजूचे फलन होते : बाजू सांगा, एकच क्षेत्रफळ मिळेल. आडवी बाजू २ किंवा १० असताना क्षेत्रफळ २०च येते. याला हरकत नाही. दोघांचे उत्तर एक चालते, एकाची उत्तरे दोन चालत नाहीत. फलनाचे मर्म हेच.

फलन म्हणजे सूत्र, असाही एक समज असतो. ऑयलरने १७४८ साली फलनाची व्याख्या राशींच्या भाषेतच केली होती. १८३७मध्ये डिरिख्लेने ती मोकळी केली : प्रत्येक क्षला एक निश्चित य मिळाला, की पुरे, सूत्र असो वा नसो. वर्गाचा हजेरीपटच घ्या. हजेरी क्रमांकावरून विद्यार्थ्याची आजची उंची ठरते, सूत्र कुठेच नाही, तरी ते फलन आहे. उंचीवरून क्रमांक ठरतो का? हा प्रश्न मुलांवर सोपवा. समान उंचीची दोन मुले वर्गात सापडली, की उत्तर तीच देतील आणि मग व्याख्या फळ्यावर लिहायला हरकत नाही.