भुजिंगच्या गावात धुराची भट्टी

विरारहून आगाशीकडे निघालेल्या माणसाला भाजल्या जाणाऱ्या कोंबडीच्या वासाची ओळख करून द्यावी लागत नाही. मसाला लावलेले तुकडे सळईवर ओवून निखाऱ्यावर भाजायचे आणि मग पोहे, बटाटे व मिरचीबरोबर परतायचे, ही भुजिंगची ढोबळ रीत. निखाऱ्याशी इतका जुना परिचय असलेल्या या पट्ट्यात ज्याच्या घरामागे अजून वाडी किंवा अंगण शिल्लक आहे, त्याला कधीतरी मांस धुरावर शिजवणारा खास ‘स्मोकर’ घ्यावासा वाटणे स्वाभाविक आहे. मात्र भुजिंगची शेगडी आणि स्मोकर ही एकाच जातीची साधने आहेत, असे समजून खरेदी केली तर पैसे हमखास वाया जातात.

निखाऱ्यावर मांस थेट आचेवर, काही मिनिटांत भाजले जाते. स्मोकरमध्ये आच बाजूला किंवा खूप खाली असते. मांसाभोवती फिरते ती साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअसची धुरकट हवा, आणि तीही कित्येक तास. चिवट तुकड्यांतील कोलॅजन नावाचे प्रथिन ७० अंशांच्या पुढे सावकाश विरघळून जिलेटिन होते; मांस मऊ होते ते त्यामुळे, धुरामुळे नव्हे. धूर केवळ चव आणि रंग देतो. म्हणूनच चांगल्या स्मोकरची परीक्षा तो किती धूर काढतो यावर होत नाही. सहा-आठ तास आच एकसारखी राहते का, हे पाहायचे. झाकण नीट बसते का, हवेच्या झडपा घट्ट सरकतात का, पत्रा पुरेसा जाड आहे का, या तीन गोष्टी दुकानात उभ्या उभ्या तपासता येतात.

धुराने मांस-मासे टिकवण्याची गरज या किनाऱ्याला फारशी पडली नाही. अर्नाळ्याचे बोंबील वलांडीवर उन्हात वाळतात. बंद भांड्यात आचेवर शिजवण्याची परंपरा मात्र कोकणात भक्कम आहे. रायगडची पोपटी हे तिचे ठळक उदाहरण: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भरायची आणि भोवती जाळ करायचा. ओलावा कोंडून ठेवण्याचे जे काम तिथे पाला करतो, ते उभ्या स्मोकरमध्ये पाण्याचे भांडे करते.

अमेरिकी आडव्या भट्टीचे, म्हणजे एका टोकाला जळणाची पेटी असलेल्या लांब धुराड्याचे, आकर्षण अनेकांना असते. तिचा आकार गायी-बैलांच्या छातीच्या पाच-सहा किलोंच्या तुकड्यांसाठी सोयीचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल व वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. विरारच्या घरात शिजणार ती दीड किलोची कोंबडी, बोकडाची मांडी, आणि वसईच्या ख्रिस्ती घरांत डुकराचा खांदा. एवढ्यासाठी ती भट्टी अवाजवी मोठी. शिवाय दर तासाला लाकूड घालत बसावे लागते. पातळ पत्र्याची स्वस्त आडवी भट्टी तर घेऊच नये. ती उष्णता धरत नाही आणि खाऱ्या वाऱ्यात लवकर गंजते.

विजेवर चालणारा किंवा लाकडाच्या भुश्याच्या गोळ्यांवर चालणारा स्मोकर सोयीचा खरा. पण वीज गेली की तो थांबतो, आणि त्या गोळ्या पावसाळी हवेत ओल धरून फुगतात. किनाऱ्यावर हा दोष किरकोळ नाही. जाड मातीचा ‘कामादो’ उष्णता उत्तम धरतो, परंतु तो जड आणि महाग.

पहिल्यांदा घेणाऱ्याने झाकणाची गोल शेगडी किंवा पाण्याचे भांडे असलेला उभा स्मोकर यांपैकी एक निवडावा. गोल शेगडीचा जन्म १९५२ मधला. शिकागोजवळच्या जॉर्ज स्टीफन यांनी ते काम करीत असलेल्या कारखान्यातील धातूच्या तरंगत्या बोयाचे दोन भाग करून ती घडवली. तिच्यात निखारे एका बाजूला आणि मांस दुसऱ्या बाजूला ठेवले की स्मोकर तयार. निखारे पसरले की भुजिंगही होते. चार-पाच माणसांच्या घराला एवढे पुरते. दहा-बारा जणांची पंगत नेहमीची असेल तर उभा स्मोकर बरा.

स्थानिक फॅब्रिकेटरकडून दोनशे लिटरच्या पिंपाचा स्मोकर करून घेणे हाही मार्ग आहे, पण त्यात धोका आहे. पिंपात आधी काय भरले होते, हे खात्रीने ठाऊक हवे. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी नको. आतला रंग वा लेप पूर्ण जाळून-घासून काढावा लागतो. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा किंवा जाळी तर मुळीच वापरू नये, कारण फार तापल्यावर त्यातून अपायकारक वाफ निघते.

जळणाला कोळसा आणि चवीला वाळलेल्या आंब्याचे किंवा चिंचेचे चार-सहा तुकडे पुरतात. रंगवलेले लाकूड, प्लायवूड, विषारी कण्हेर आणि दाहक तेल असलेली काजूची टरफले टाळावीत. धूर पातळ, निळसर असावा. दाट पांढऱ्या धुराने मांस कडवट होते. बोकडाच्या मांसात चरबी कमी असल्याने अर्ध्या वेळानंतर ते केळीच्या पानात गुंडाळावे. कोंबडीला मात्र १४० अंशांच्या आसपासची आच द्यावी, अन्यथा कातडी रबरासारखी राहते. तिच्या मध्यभागाचे तापमान ७४ अंशांपर्यंत गेले पाहिजे. त्यासाठी टोचून पाहण्याचा तापमापक हवाच. झाकणावरच्या काट्यावर विसंबू नये.

फ्लॅटच्या गॅलरीत यातले काहीही पेटवू नये. शेजाऱ्यांची तक्रार ही त्यातली लहान अडचण. पेटत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि खिडक्या लावलेल्या गॅलरीत तो जीवघेणा ठरू शकतो. अंगणातही भिंत, वाळका पेंढा आणि माडाच्या झावळ्या यांपासून भट्टी लांब ठेवावी. नवा स्मोकर आणल्यावर पहिल्या दिवशी त्यात मांस न ठेवता, आतून तेलाचा हात फिरवून दोन-तीन तास तो रिकामाच तापवावा. कारखान्यातले वंगण जळून जाते आणि आपल्या स्मोकरची कोणती झडप किती उघडली की काटा कुठे स्थिरावतो, तेही त्याच दिवशी कळते.