पाळणा न हललेल्या घरांचा अभ्यास

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या गरीब वस्त्यांत लेकुरवाळ्या बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात: अहमदची आई ती उम्म अहमद. मग जिची कूसच उजवली नाही, तिला काय म्हणायचे? तिच्यासाठीही एक संबोधन आहे: उम्म अल-गायब. म्हणजे, जे अजून आलेलेच नाही त्या लेकराची आई.

अमेरिकन वैद्यकीय मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांनी आपल्या पीएच.डी. प्रबंधाच्या शीर्षकात हेच संबोधन वापरले. १९८८-८९ मध्ये त्या अलेक्झांड्रिया विद्यापीठाच्या शतबी या प्रसूती रुग्णालयात येणाऱ्या बायकांशी बोलत होत्या. मूल नसलेल्या जवळपास शंभर स्त्रिया आणि तुलनेसाठी मुले असलेल्या स्त्रिया, अशी अभ्यासाची मांडणी होती. प्रश्न केवळ आजाराचे नव्हते. सासू काय म्हणते, नवरा दुसरे लग्न करील का, आतापर्यंत कुणाकुणाचे उंबरे झिजवले, हेही त्यात होते.

उत्तरांतून एक लांबलचक वणवण समोर आली. सुरुवात घरातूनच होई. नव्या नवरीच्या किंवा बाळंतिणीच्या खोलीत कुणी कच्चे मांस वा वांगी घेऊन आले, किंवा ताजी दाढी केलेला पुरुष शिरला, तर ‘कबसा’ लागते आणि गर्भ राहत नाही, असा समज. ज्या वस्तूने बाधा झाली, तिच्याच संपर्काने ती उतरवायची. मग सुईण आणि तिची औषधे. मग डॉक्टर. पण डॉक्टरकडे गेले की सुटलो, असेही नव्हते. गर्भनलिकांत वायू फुंकणे, गर्भाशयाचे मुख विजेने डागणे असे कालबाह्य उपाय तिथे सर्रास चालत. त्यांनी गुण येणे दूरच, उलट इजा होण्याचा धोका होता. हे सगळे बाईच्याच शरीरावर, दोष नवऱ्यात असला तरी!

दुसरीकडे कैरोत वेगळेच काही घडत होते. जगातले पहिले टेस्ट ट्यूब बाळ १९७८ मध्ये इंग्लंडात जन्मले. त्यानंतर दोन वर्षे व्हायच्या आत, मार्च १९८० मध्ये, इजिप्तचे तेव्हाचे मुख्य मुफ्ती शेख गाद अल-हक यांनी फतवा दिला: हा उपचार जायज आहे, मात्र बीज आणि शुक्राणू नवरा-बायकोचेच हवेत, तिसऱ्या कुणाचे नकोत. या चौकटीत मोहम्मद अबुलघार, गमाल सरूर आणि रगा मन्सूर यांनी १९८६ मध्ये कैरोच्या मआदी भागात देशातले पहिले आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब उपचाराचे, केंद्र उभे केले. पुढच्याच वर्षी इजिप्तचे पहिले टेस्ट ट्यूब बाळ जन्मले.

नव्वदच्या दशकात इक्सी हे तंत्र तिथे आले. सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक काचेच्या सुईने एकच शुक्राणू थेट बीजात सोडायचा. शुक्राणू अत्यल्प किंवा दुबळे असलेल्या पुरुषांना यामुळे स्वतःचे मूल होऊ लागले. अरब देशांत पुरुष-वंध्यत्वाचे प्रमाण मोठे आहे. त्यामागे आनुवंशिक कारणेही आहेत आणि नात्यातल्या लग्नांशी त्यांचा संबंध तपासला गेला आहे. त्यामुळे हे तंत्र वरदान ठरले. पण इनहॉर्न यांनी त्याची दुसरी बाजूही दाखवली. नवऱ्याचे व्यंग पोटात घालून वर्षानुवर्षे बोलणी खाल्लेल्या बायकोचे, उपचार आला तेव्हा वय उलटलेले असे. १९८०च्या त्या फतव्यानुसार दुसरीचे बीज घेता येत नाही. नवऱ्याला मात्र तरुण सवत आणता येते.

तरीही बहुतेकांनी तसे केले नाही. २०१२ मध्ये आलेल्या ‘द न्यू अरब मॅन’ या पुस्तकात इनहॉर्न यांनी बायकोच्या बाजूने उभे राहणारे, स्वतःचा दोष मान्य करणारे, तिच्यासोबत दवाखान्यात येऊन बसणारे असंख्य पुरुष भेटवले आहेत. अरब पुरुषाविषयीचा एक जगभर रूढ गैरसमज या पुस्तकाने खोडून काढला.

प्रश्न उरतो तो पैशाचा. आयव्हीएफ बहुतांशी खासगी केंद्रांत होते आणि शतबीत भेटलेल्या बायकांसारख्यांना ते परवडत नाही. म्हणून या संशोधनातून घ्यायचा धडा साधा आहे आणि तो मराठी घरांनाही तितकाच लागू पडतो. मूल होत नसेल तर सुनेच्या तपासण्या, नवस आणि उपास सुरू करण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करून घ्या. ती सोपी आहे, स्वस्त आहे आणि एका बाईची कित्येक वर्षांची फरफट वाचवू शकते.