वारंवार दावे लावणारा पक्षकार आणि न्यायालयाची परवानगी: काही गैरसमज

सबळ कारण नसताना पुन्हा पुन्हा दावे आणि फिर्यादी दाखल करत राहणाऱ्या व्यक्तीवर न्यायालय बंधन घालू शकते. महाराष्ट्रात त्यासाठी स्वतंत्र कायदा आहे, महाराष्ट्र व्हेक्सेशस लिटिगेशन प्रिव्हेन्शन ॲक्ट, १९७१. ही कल्पना इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यातली. मद्रासने १९४९ साली तसाच कायदा केला होता. या बंधनाविषयी ऐकीव माहितीच जास्त फिरते आणि तिच्यामुळे नुकसान दोन्हीकडे होते. खरी तक्रार असलेला माणूस ‘आपल्यालाच बंदी घातली तर’ म्हणून कचरतो, आणि निराधार खटल्यांत वर्षानुवर्षे तारखा भरणाऱ्याला कायद्यात काही उपाय आहे हेच ठाऊक नसते.

सर्वांत पसरलेला समज असा की हे बंधन वकील न लावता स्वतः बाजू मांडणाऱ्यांसाठी, म्हणजे कोर्टाच्या भाषेत ‘पार्टी इन पर्सन’साठी आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३ नुसार पक्षकाराला जातीने हजर राहून काम चालवता येते, आणि १९७१ च्या कायद्याने त्या हक्काला हात लावलेला नाही. युक्तिवाद कोण करतो याच्याशी या कायद्याला कर्तव्य नाही. तो दोनच गोष्टी पाहतो: दावे लावण्याची सवय, आणि त्यामागे वाजवी कारण नसणे. प्रत्येक वेळी वेगळा वकील गाठून तोच वाद नव्याने उभा करणाराही त्यात सापडतो. अशा प्रकरणांत पार्टी इन पर्सन डोळ्यांत भरतात हे मात्र खरे. ‘यात दम नाही’ असे वकील पहिल्याच भेटीत सांगू शकतो. स्वतः कागद लिहिणाऱ्याला ते सांगणारे कोणी नसते.

या समजाला मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या नियमांमुळेही बळ मिळाले असावे. त्या नियमांनुसार स्वतः बाजू मांडू इच्छिणाऱ्याला आधी एका छाननी समितीपुढे जावे लागते. तो न्यायालयाला पुरेसे साहाय्य करू शकेल का, एवढेच ती समिती तपासते. प्रकरण दाखल करण्यावरची बंदी ही वेगळीच गोष्ट. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ खाली मोफत वकील मिळू शकतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि कोठडीत असलेले लोक यांना त्यासाठी उत्पन्नाची अटही नाही.

लागोपाठ खटले हरले की ‘वारंवार निराधार दावे लावणारा’ असा शिक्का बसतो, हेही खरे नाही. हरलेला दावा निराधारच असतो असे नाही. पुरावा कमी पडतो, मुदत टळते, कायद्याचा अर्थ विरुद्ध लागतो. अपील करणे हा तर हक्कच आहे. निकाल अंतिम झाल्यावर तोच वाद त्याच पक्षांमध्ये पुन्हा उकरला, तर पूर्वन्यायाच्या तत्त्वाने तो दावा अडतो; ते सामान्य उपाय झाले. बंधनाचा प्रश्न येतो तो सगळ्या प्रकरणांचा इतिहास एकत्र ठेवून पाहिल्यावर.

‘कोर्टाचे दार कायमचे बंद’ हा समज सर्वांत जास्त भीती घालतो. आदेशाचा अर्थ इतकाच की नवे प्रकरण दाखल करण्याआधी परवानगी घ्यायची. प्रकरणात प्रथमदर्शनी तथ्य आहे आणि न्यायप्रक्रियेचा गैरवापर होत नाही, असे दिसले की परवानगी मिळू शकते. बंधन असलेल्या माणसाच्या घरात उद्या कोणी खरोखर घुसले, तर त्यालाही न्याय मागता येतो. मद्रासच्या कायद्याची वैधता सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली मान्य केली. प्रवेश नाकारण्यापेक्षा त्यावर देखरेख ठेवणे हा त्या कायद्याचा हेतू आहे, हे त्या निकालात महत्त्वाचे ठरले. परवानगीशिवाय दाखल केलेले प्रकरण मात्र फेटाळले जाते.

प्रतिपक्षाने अर्ज केला की आदेश निघतो, असेही अनेकांना वाटते. या कायद्याखाली अर्ज करतो राज्याचा महाधिवक्ता, आणि निर्णय देते उच्च न्यायालय. संबंधित व्यक्तीला म्हणणे मांडण्याची संधी द्यावीच लागते. इंग्लंडच्या १८९६ च्या कायद्यात गरिबीमुळे वकील न लावू शकणाऱ्याला वकील नेमून देण्याची तरतूद होती. माणसाचा एवढा मोठा हक्क अटीत बांधायचा, तर इतकी काळजी हवीच. हे बंधन फक्त दिवाणी दाव्यांपुरते असते, हाही गैरसमज आहे. कायद्यात दिवाणी आणि फौजदारी दोन्ही कार्यवाह्यांचा उल्लेख आहे.

महाधिवक्त्यापर्यंत न जाताही काही उपाय आहेत. दाव्याला कारणच नसेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ७, नियम ११ खाली वादपत्र सुरुवातीलाच नामंजूर होऊ शकते. खोट्या किंवा त्रास देण्यासाठी केलेल्या दाव्याबद्दल कलम ३५-अ नुसार भरपाई मिळते, पण संहितेतील तिची मर्यादा ३,००० रुपये आहे. व्यापारी वादांसाठी २०१५ च्या कायद्याने ती मर्यादा काढली. बाकीच्यांना वकिलाच्या फीपुढे ही रक्कम किरकोळच वाटते. विधी आयोगाने २००५ साली १९२ व्या अहवालात अशा दाव्यांना आळा घालण्यासाठी देशभर लागू होणारा कायदा करण्याची शिफारस केली. तसा केंद्रीय कायदा अजून झालेला नाही.