बिल्ज पंप चिकटवू नका, ठोकळा चिकटवा!

हेडफोन लावलेत ना? ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजचा भाग लिहून देतोय.

बिल्ज म्हणजे होडीच्या तळातली सगळ्यात खोलगट जागा. पावसाचं, लाटांचं, पंख्याच्या दांड्याजवळून झिरपणारं पाणी तिथेच साचतं. ते बाहेर फेकतो तो बिल्ज पंप. प्रश्न असा, की हा पंप तळाला बसवायचा कसा?

स्क्रू मारून? थांबा. कोकणात आता फायबरच्या होड्या भरपूर दिसतात. त्यांच्या तळाला आरपार स्क्रू गेला, तर पाणी काढायच्या यंत्रासाठी पाण्याला आत यायची वाट आपणच करून दिली! हिशेब सांगतो. पाण्याखाली ६० सेंटिमीटरवर २५ मिलिमीटरचं भोक असेल, तर मिनिटाला साधारण ६० लिटर पाणी आत येतं. स्क्रूचं भोक बारीक असतं, मान्य. पण होडी रात्रभर नांगरावर असते, आणि तेव्हा बघायला कुणी नसतं.

म्हणून इपॉक्सी. पण थेट पंपाला नाही. पंप आज ना उद्या जळणार, बदलावा लागणार. तेव्हा मरीन प्लायचा १८ मिलिमीटर जाडीचा ठोकळा घ्या, त्याच्या कडांसकट सगळीकडे इपॉक्सी फासा आणि तो तळाला चिकटवा. पंपाची जाळीवाली बैठक त्या ठोकळ्यावर स्टीलच्या १२ मिलिमीटरच्या स्क्रूंनी बसवा. स्क्रू ठोकळ्यातच संपला पाहिजे.

आता खरी गोम. जोड सुटतो तो बहुतेक वेळा इपॉक्सी वाईट म्हणून नाही, तर खालची जागा तेलकट, ओली किंवा रंगाची म्हणून. बिल्जमध्ये डिझेल आणि ग्रीस असणारच. आधी साबणाच्या पाण्याने घासा, वाळवा, मग असिटोनने पुसा. त्यानंतर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने रंग काढून फायबर खरखरीत करा, धूळ झटका, पुन्हा पुसा. हा क्रम उलटवला, तर घासताना तेल आणखी आत दाबलं जातं. आणि असिटोन पेट घेतो, तेव्हा बॅटरी सोडवा, विडी-सिगारेट लांब ठेवा, हवा खेळती ठेवा.

इपॉक्सीचे दोन भाग डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच मिसळा. ‘लवकर सुकेल’ म्हणून हार्डनर जास्त घातला, तर जोड कच्चा राहतो. ठोकळा हलकेच दाबा. फार दाबलात तर सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि मधे काहीच उरत नाही. मग किमान एक दिवस हात लावू नका. सिलिकॉन वापरू का? ठोकळ्यासाठी नको. त्याची पकड तेवढी नसते, आणि मागे राहिलेल्या थरावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

हे सगळं कशासाठी? पंप सुटून आडवा झाला, की पाण्याऐवजी हवा ओढतो. मोटरचा आवाज येत राहतो, आणि होडी भरत राहते.

शेवटी तळात दोन बादल्या पाणी ओता आणि पंप ते बाहेर फेकतोय का ते डोळ्यांनी बघा. मगच होडी पाण्यात ढकला. हा भाग तुमच्या गावच्या तांडेलाला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!