कुत्र्याचा कणा आणि गोळ्यांचा लांबलचक कोर्स

धडधाकट लॅब्रॅडॉर जिना चढायचं टाळतो, पाठीवरून हात फिरवला की गुरगुरतो. घरचे म्हणतात, 'वय झालं.' दरवेळी ते वयच असतं असं नाही. दोन मणक्यांमधल्या चकतीत जंतू शिरले तरी हेच दिसतं. या आजाराचं नाव डिस्कोस्पॉन्डिलायटिस. मूत्रमार्गातले किंवा त्वचेवरचे जंतू रक्तावाटे कण्यात पोहोचतात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस. पंचाईत अशी, की एक्स-रे सुरुवातीचे दोन ते चार आठवडे अगदी साफ येऊ शकतो.

ऑपरेशन बहुतेकांना लागत नाही. रक्त-लघवीचं कल्चर करून नेमकं अँटिबायोटिक निवडायचं, सोबत वेदनाशामक आणि सक्तीची विश्रांती. आठवडाभरात स्वारी शेपूट हलवत दारात उभी राहते आणि इथेच घात होतो: गोळ्या बंद केल्या जातात. चकतीला रक्तपुरवठा जेमतेम, औषध तिथे सावकाश पोहोचतं. म्हणून कोर्स कित्येक महिने चालतो. पाय लुळे पडू लागले, तर मात्र शस्त्रक्रियेचा विचार करावाच लागतो.

हाच आजार घडवू शकणाऱ्या ब्रुसेला या जंतूची तपासणी आवर्जून करून घ्या, तो माणसालाही लागतो. आणि स्वतःची अंगदुखीची गोळी कुत्र्याला कधीही देऊ नका.