सात की साठ? हौशी बिनतारी केंद्र आणि मायक्रोफोनची निवड

बिनतारी यंत्रावरून बोललेला आवाज दूरवर पोहोचणे ही एक गोष्ट आणि तो पलीकडच्या माणसाला समजणे ही दुसरी. आवाज पोहोचविण्याचे काम एरियल आणि प्रक्षेपक यांचे. तो समजण्याजोगा ठेवण्याचे काम मात्र मायक्रोफोनपासून सुरू होते. मायक्रोफोनाने जे टिपलेच नाही ते पुढील कोणतेही यंत्र निर्माण करू शकत नाही, आणि त्याने जे नको ते टिपले ते पुढे काढून टाकणे फार कठीण जाते. असे असूनही हौशी बिनतारी चालक एरियलवर महिनोन् महिने खपतो, प्रक्षेपकावर हजारो रुपये खर्च करतो आणि मायक्रोफोन मात्र हाती येईल तो जोडतो.

हैदराबाद शहराला या विषयाची जवळीक जुनी आहे. येथील नभोवाणीचा आरंभच मुळी एका खाजगी, अवघ्या 200 वॅट शक्तीच्या केंद्राने झाला. 1935 साली निजाम सरकारने ते आपल्याकडे घेतले आणि 1 एप्रिल 1950 रोजी ते आकाशवाणीत विलीन झाले. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्याचाच भाग होता. त्यामुळे ‘डेक्कन रेडिओ’ हे नाव मराठी घरांतूनही परिचयाचे होते. पुढे 1983 साली याच शहरात ‘नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ’ ही संस्था स्थापन झाली. या संस्थेने योजलेल्या मोहिमेसाठी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी डिसेंबर 2004 मध्ये पोर्ट ब्लेअर येथे होते. जगभरच्या हौशी चालकांशी संपर्क साधावा एवढाच त्या मोहिमेचा हेतू. परंतु 26 डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला, त्सुनामीच्या लाटा आल्या, बेटांवरील नेहमीची दळणवळणाची साधने कोलमडली, आणि छंद म्हणून मांडलेले ते केंद्र पाहता पाहता लोकांच्या खुशालीचे निरोप वाहू लागले.

अशा प्रसंगी निरोपात काय असते? नावे असतात, गावे असतात आणि आकडे असतात. किती माणसे सुखरूप, किती जखमी, किती पोती धान्य, किती तंबू. आता मराठीतील ‘सात’ आणि ‘साठ’ हे दोन शब्द घ्यावेत. स्वर एकच, आरंभीचे व्यंजन एकच. भेद काय तो शेवटच्या ‘त’ आणि ‘ठ’ यांचा. हिंदी-उर्दूतही हीच जोडी याच रूपात आहे, तेव्हा हैदराबादच्या दखनीत बोलणाऱ्याचीही यातून सुटका नाही. सात जखमी आणि साठ जखमी यांत एक मोटारगाडी पाठवायची की सारे इस्पितळ सज्ज करायचे एवढे अंतर आहे. आणि ते सारे अंतर एका व्यंजनाच्या टोकावर तोललेले आहे.

हे टोक नेमके कोठे असते हे पाहिले, की मायक्रोफोनची निवड कशी करावी याचे उत्तर आपोआप मिळू लागते. माणसाच्या आवाजात खर्जाची कंपने असतात, तशी अतिशय वरची कंपनेही असतात. आवाजाचा भरदारपणा, ज्याला आपण घुमारा म्हणतो, तो मुख्यतः खालच्या कंपनांत असतो. आवाजाची बहुतेक शक्तीही तेथेच खर्च होते. शब्दांची ओळख पटविणारी व्यंजने मात्र बरीचशी वरच्या बाजूला, सेकंदाला सुमारे 1000 ते 4000 कंपनांच्या टापूत, आपली खूण ठेवतात. ‘स’ आणि ‘श’ यांचा सीत्कार तर त्याहूनही वर जातो. म्हणजे स्वर आवाजाला बळ देतात आणि व्यंजने अर्थ देतात.

हौशी चालक लांब पल्ल्याच्या संभाषणासाठी बहुधा एकपट्टी पद्धत, म्हणजे सिंगल साइडबँड, वापरतात. या पद्धतीत आवाजाला मिळणारी वाट अरुंद असते. साधारणतः सेकंदाला 300 ते 2700 एवढीच कंपने तिच्यातून पलीकडे जातात. टेलिफोनची वाटदेखील याहून थोडी रुंद, 3400 पर्यंतची, असते. या अरुंद दारातून खर्जाचा घुमारा जाऊ शकत नाही. तो प्रक्षेपकाच्या आतील भागांवर मात्र ओझे टाकतो. उलट व्यंजनांच्या खुणांचा जेवढा भाग या दारातून जाण्याजोगा आहे, तेवढा तरी ठसठशीत असावा लागतो.

यावरून पहिला निष्कर्ष निघतो तो पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. गायनाच्या ध्वनिमुद्रणासाठी बनविलेला किमती मायक्रोफोन हा बिनतारी केंद्रासाठी सर्वोत्तम असतोच असे नाही. खर्जापासून टिपेपर्यंत सारे काही सारख्याच निष्ठेने टिपणे हा त्याचा गुण. पण त्यातील निम्मा-अधिक गुण येथे दाराबाहेरच राहतो. येथे हवा तो 300 कंपनांखाली मंद होणारा आणि 2000 च्या आसपास किंचित उठाव देणारा मायक्रोफोन. यंत्राबरोबर कारखान्याने दिलेला साधा हातातला मायक्रोफोन पुष्कळदा नेमका याच हिशेबाने बनविलेला असतो. तेव्हा नवा विकत घेण्यापूर्वी जवळचा नीट वापरून पाहावा, हे शहाणपणाचे.

मायक्रोफोनचे प्रकार अनेक. सर्वांत जुना कोळशाच्या कणांचा. टेलिफोनमध्ये तो दीर्घकाळ नांदला. आवाज जोरकस, परंतु खरखर ठरलेली. दुसरा स्फटिकाचा. यात रोशेल क्षार नावाच्या पदार्थाचा स्फटिक असतो आणि आवाजाच्या दाबाने त्यात वीज उत्पन्न होते. जुन्या बाजारात असे मायक्रोफोन अद्याप दिसतात आणि त्यांचा कडक, स्पष्ट आवाज बिनतारी संभाषणाला शोभतोही. पण हा स्फटिक उष्णतेला आणि ओलाव्याला फार भितो. सुमारे 55 अंश सेल्सियस तापमानाला तो स्वतःतील पाण्यातच विरघळू लागतो. हैदराबादेत मे महिन्यात बाहेरचा पारा 40 च्या वर जातो. बंद मोटारीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवलेला स्फटिक मग टिकावा कसा? त्यातून वाचला तर पुढे पावसाळा आहेच.

तिसरा प्रकार फिरत्या वेटोळ्याचा, ज्याला डायनॅमिक म्हणतात. पातळ पडद्याला चिकटविलेले तारेचे वेटोळे चुंबकाच्या क्षेत्रात हलते आणि वीज निर्माण होते. हा दणकट असतो, उन्हापावसाला सहसा दाद देत नाही आणि त्याला बाहेरून वीज पुरवावी लागत नाही. चौथा इलेक्ट्रेट. 1962 साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी तो सिद्ध केला. कायमचा विद्युत्भार धारण करणारा पातळ पडदा हे त्याचे मर्म. तो अगदी लहान, स्वस्त आणि तरीही उत्तम असतो. मोबाइल फोनपासून बिनतारी हातसंचापर्यंत त्याच्या जातीने घर केले आहे. मात्र त्यातील इवल्याशा वर्धकाला काही व्होल्टांचा पुरवठा लागतो.

येथेच जोडणीचा प्रश्न उभा राहतो. चांगला मायक्रोफोन आणि चांगला प्रक्षेपक यांचे परस्परांशी पटले नाही, तर दोघांचाही गुण वाया जातो. आधुनिक यंत्रांना सामान्यतः काहीशे ओहम रोधाचा मायक्रोफोन अपेक्षित असतो. स्फटिकाच्या मायक्रोफोनला याच्या कितीतरी पट मोठा रोध समोर लागतो. तो तसाच जोडला तर आवाज क्षीण आणि पोकळ येतो. इलेक्ट्रेटला वीज मिळाली नाही तर तो मुकाच राहतो. उलट यंत्राच्या खुंटीवर इलेक्ट्रेटसाठी वीज सोडलेली असेल आणि तेथे डायनॅमिक जोडला, तर ती वीज त्याच्या वेटोळ्यातून वाहते व पडदा एका बाजूला ओढला जातो. मध्ये एक लहानसा कपॅसिटर घातला की आवाज जातो आणि ती वीज अडते. म्हणून पुस्तिकेतील जोडणीचे पान मायक्रोफोन विकत घेण्यापूर्वी वाचावे, नंतर नव्हे.

यानंतर खोलीचा विचार. उन्हाळ्यात हैदराबादच्या घरात पंखा फिरत असतो, खिडकीत कूलर घरघरत असतो आणि रस्त्यावरून रिक्षा जात असतात. कान हे सारे विसरू शकतो. मायक्रोफोन विसरत नाही. यासाठी एका दिशेचेच अधिक ऐकणारा मायक्रोफोन निवडावा आणि त्याची पाठ पंख्याकडे व कूलरकडे करावी. त्याहूनही सोपा उपाय अंतराचा. तोंड 20 सेंटिमीटरवरून 5 सेंटिमीटरवर आणले, की मायक्रोफोनपाशी आवाजाचा दाब सुमारे चौपट होतो. कूलरची घरघर मात्र होती तेवढीच राहते. फार जवळ जाण्यातही दोष आहेत. एकदिशा मायक्रोफोन अगदी ओठांशी धरला, की त्यात खर्ज फुगतो. आणि ‘ख’, ‘फ’, ‘भ’ अशा महाप्राण अक्षरांबरोबर सुटणारा श्वास पडद्यावर आदळून धप्प असा आवाज येतो. दोन-तीन बोटांचे अंतर ठेवून, मायक्रोफोन किंचित बाजूला धरून, त्याच्यावरून तिरपे बोलावे. हे दोन्ही दोष त्याने टळतात. हातसंचावर तर मायक्रोफोन म्हणजे एक बारीकसे छिद्र असते. ते बोटाखाली झाकले जाणे किंवा धुळीने बुजणे, हे अस्पष्ट आवाजाचे पुष्कळदा खरे कारण ठरते.

आता प्रक्षेपकावरील मळसूत्राकडे, म्हणजे आवाज कमीअधिक करणाऱ्या खुंटीकडे, वळावे. पलीकडून ‘आवाज ऐकू येत नाही’ असे कळले, की चालकाचा हात प्रथम तिच्याकडे जातो. मर्यादेपर्यंत ते योग्यच. परंतु ती मर्यादा ओलांडली, की आवाज मोठा न होता फाटू लागतो आणि शेजारच्या लहरींवर शिंतोडे उडवितो. चाळीस मीटरचा पट्टा अनेकांच्या सामाईक अंगणासारखा आहे. एकाने आरडाओरडा केला तर शेजाऱ्यांचे बोलणे बंद पडते. यंत्रावर स्वयंनियंत्रण दाखविणारा काटा असतो. आवाजाच्या चढावर तो थोडासा हलावा आणि आपल्या नेमलेल्या भागातच राहावा, इतपत खुंटी फिरविणे पुरे. आवाजाचे चढउतार दाबून त्याची सरासरी शक्ती वाढविणारी सोय पुष्कळ यंत्रांत असते. दूरच्या, क्षीण संपर्कात ती उपकारक ठरते. पण तिचा अतिरेक केला तर दोन शब्दांमधल्या शांततेत कूलरच मोठ्याने बोलू लागतो.

क्वचित असेही घडते, की मायक्रोफोन निर्दोष, खुंटी योग्य, तरीही आवाज घोगरा आणि कापरा येतो. याचे कारण एरियलमधून निघालेली लहर मायक्रोफोनच्या तारेवरून परत यंत्रात शिरते, हे असू शकते. कमी शक्तीवर आवाज स्वच्छ आणि पूर्ण शक्तीवर बिघडलेला, ही या विकाराची खूण. मायक्रोफोनची तार फेराइटच्या कड्यातून काही वेढे घेऊन न्यावी, तिचे आवरण यंत्राच्या सांगाड्याला नीट जोडावे आणि एरियल माणसापासून दूर न्यावे. मायक्रोफोन बदलून हा रोग बरा होत नाही.

निवडीची अंतिम परीक्षा दुकानात होत नसते, आणि स्वतःच्या कानांनीही होत नसते. स्वतःचा आवाज प्रत्येकाला हाडांमधून, खर्जासह ऐकू येत असतो; त्यामुळे भरदार मायक्रोफोन चालकाला आवडतो आणि श्रोत्याला त्रास देतो. परीक्षा घ्यावी ती दूरच्या सहकाऱ्याकडून, तीही लहरींवर खरखर असताना. दोन मायक्रोफोन घ्यावेत. कोणता केव्हा जोडला हे सांगू नये. ‘सात, साठ, एकोणसाठ, एकोणसत्तर, बावीस, बावन्न’ अशा आकड्यांची आणि अनोळखी गावांच्या नावांची यादी वाचावी व पलीकडच्याने ऐकू येईल तसे लिहून घ्यावे. ‘आवाज छान आहे’ हे मत सौजन्याचे असू शकते. कागदावर चुकीचा उतरलेला आकडा सौजन्य पाळीत नाही. ज्या मायक्रोफोनवर चुका कमी, तो निवडावा. एकाच्या भारदस्त आवाजाला जो मायक्रोफोन शोभतो, तो दुसऱ्याच्या नाजूक आवाजाला शोभेलच असे नाही. म्हणून ही परीक्षा प्रत्येकाने आपापली द्यावी.

आणि तरीही उत्तम मायक्रोफोन हा उत्तम सवयींचा मदतनीसच आहे, पर्याय नव्हे. बोलण्याची कळ दाबून क्षणभर थांबावे, म्हणजे पहिले अक्षर कापले जात नाही. आकडा एकदा सांगून पुन्हा एकेक अंक सुटा उच्चारावा: साठ, म्हणजे सहा, शून्य. पलीकडच्याकडून तो परत वदवून घ्यावा. संकटाचा दिवस आगाऊ सूचना देऊन येत नाही, आणि त्या दिवशी मायक्रोफोन बदलून पाहण्यास कोणाला उसंत नसते. ही सारी पारख निवांत रविवारच्या सकाळी, हवापाण्याच्या गप्पा चालू असतानाच करून ठेवावयाची असते.